गॅसची गाडी आणि फाटकातली चूल

आमच्या डेपोत एक खोली आहे, गाड्यांत विसरलेल्या वस्तू ठेवायची. छत्र्या, जेवणाचे डबे, एका पायातली चप्पल, एकदा तर दातांची कवळीसुद्धा! न्यायला कोणी येत नाही आणि फेकून देववत नाही. किश्शांचंही तसंच. माणसं उतरून आपापल्या घरी जातात आणि किस्से माझ्या बाकड्यावर राहतात. आता एवढे साठलेत की बसायला जागा नाही. म्हटलं, थोडे तुमच्याकडे द्यावेत.

मी डेपोच्या फाटकाच्या आत चहा करतो. वर चार पत्रे, खाली एक बाकडं आणि चुलीचे तीन दगड. शाळा मी लांबूनच पाहिली. पण तारकर्लीची गाडी कधी आली, आरोंद्याची कधी सुटली, हे मला चहाच्या उकळीवरून कळतं. सगळे मला आबा म्हणतात.

तर बरं चाललं होतं. मग बातमी आली, गॅसच्या गाड्या येणार. धूर नाही, धडधड नाही. सगळे खूश! आमचे डेपो मॅनेजर साहेब घाटावरचे, स्वभावानं भले. ते माझ्याकडे चहा घेता घेता म्हणाले, "आबा, गॅसच्या गाड्या आल्या की आवारात विस्तव चालायचा नाही हां. चूल फाटकाबाहेर न्यावी लागेल."

फाटकाबाहेर म्हणजे रखरखीत रस्ता. सावली एकच, बदामाच्या झाडाची, आणि तिच्याखाली साहेबांची स्वतःची मोटार उभी असते. या वयात दिवसभर उन्हात उभं राहणं मला जमणारं नव्हतं. चूल बाहेर गेली म्हणजे धंदाच मिटला.

मी म्हटलं, "नेऊया."

साहेब म्हणाले, "नेऊया."

आणि दोघांनी चहा संपवला.

* * *

पहिली गाडी आली त्या दिवशी डेपोत नुसती जत्रा! झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. आमच्याकडे नवीन काहीही आलं की देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही रीत. मग ती होडी असो की बस. गाऱ्हाणं घालायला मेकॅनिक दाजी उभा राहिला. आवाज असा की शेजारच्या वाडीतले लोकही "व्हय महाराजा" म्हणतात.

दाजीनं तबकात कापूर ठेवला आणि काडी ओढणार, एवढ्यात गाडीबरोबर शहरातून आलेला इंजिनियर धावला. "अहो, थांबा! गॅसची गाडी आहे! उघडी ज्योत नको!"

दाजी चक्रावला. "मगे आरती कशी करूची? टॉर्च मारून?"

"उदबत्ती तरी?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"तीही नको."

देवासमोर दिवा नाही, म्हणजे गाडी रस्त्यावर जाणार कशी? ड्रायव्हर जायला तयार होईना. हा ड्रायव्हर म्हणजे आमचा इनास. त्याचं घर डेपोच्या मागेच. तो घरी गेला आणि पाच मिनिटांत परत आला. हातात सेलवर पेटणारी मेणबत्ती! नाताळात येशूच्या गोठ्यापुढे लावतात ती. खटका दाबला की ज्योत हलतेसुद्धा.

ती तबकात बसली. दाजीनं डोळे मिटले आणि सुरू केलं, "बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज दिवो सेलावरचो आसा. तो इनासाच्या घरातसून इलेलो आसा. ता गोड मानून घे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल? इंजिनियर!

* * *

नवी गाडी म्हटल्यावर लोकांच्या शंका आल्याच. कंडक्टर सुलभा एका बाजूनं तिकिटं फाडायची आणि दुसऱ्या बाजूनं उत्तरं द्यायची. नांदगावला जाणारी एक काकी चढली ती दाराशीच थबकली.

"गो, हीच ती गॅसवरची?"

"हीच."

"आमच्या घराकडे शिलिंडर संपलो की नंबर लावूचो लागता, मगे खंय तो येता. हेचो वाटेत संपलो तर?"

सुलभा म्हणाली, "काकी, ह्येचो नंबर कालच लावलो. तुम्ही बसा."

काकी बसली. पण उतरताना ड्रायव्हरला सांगून गेली, "बारीक आचेर चलव रे बाबा, म्हणजे पुरतलो!"

* * *

गॅस भरायचा तर हायवेवरच्या पंपावर. आणि तिथे नियम असा की भरताना गाडीत एकही प्रवासी बसलेला नको. नियम चांगला. पण आमच्याकडे लोकांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली असते. ती सोडायची म्हणजे काय?

पहिल्या दिवशी सुलभा घसा फुटेस्तोवर ओरडली. "उतरा सगळी! गॅस भरूचो आसा! धोक्याचा आसा!"

एकेक जण उतरला, पण सगळे रुमाल सीटवर ठेवून. शेवटी गाडीत एकच म्हातारी राहिली. आमची पारूआजी. मासे विकते, पाटी घेऊन रोज येते. पहिल्या सीटवर अशी बसली होती की गाडी तिच्याच सासऱ्यानं बांधली असावी.

"आजी, उतर गो!"

"माका उतरूक चढूक होणा नाय."

इनास खालून म्हणाला, "आजी, काय झाला तर?"

"माका आता काय होवचा रवलाहा? झाला काय नि नाय झाला काय!" आजी म्हणाली. मग जरा विचार करून पाटी पुढे ढकलली. "पण ही पाटी तेवडी खाली घेवा. बांगडे ताजे आसत!"

पाटी उतरली. आजी नाही. शेवटी इनास आणि सुलभानं तिला उचलूनच खाली आणलं. खाली येताच ती पंपवाल्याला म्हणाली, "बघतंस काय? बांगडे व्हये तर सांग!"

* * *

चतुर्थीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. साहेब स्वतः गाड्या तपासत होते. आग विझवायचा लाल नळा जागेवर आहे का, संकटकाळचं दार मोकळं आहे का. गॅसच्या गाडीत ते दार अडलेलं चालत नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की माझ्या बाकड्यालाही पाठ झालं असेल.

एका गाडीत चढले तर नेमकं त्याच दाराशी कोणीतरी बसलेलं, वर नवा टॉवेल पांघरलेला.

"कोण आहे ते? इथे बसायचं नाही, माहीत नाही?" साहेब कडाडले.

शेजारचा माणूस हात जोडून उभा राहिला. "साहेब, गणपती आसा. घराकडे नेतंय."

साहेबांनी आवाज खाली आणला. "अहो, पण हा संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग आहे."

"म्हणानच थंय बसवलंय! संकटाच्या दारार आणि कोणाक बसवतलंय?"

अख्खी गाडी साहेबांकडे बघायला लागली. साहेबांनी आधी चपला काढल्या, मग टॉवेलला नमस्कार केला आणि म्हणाले, "बाप्पा, नियम आहे. रागावू नका." आणि स्वतः उचलून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर नेऊन बसवला.

सुलभानं मागून विचारलं, "साहेब, देवाचा तिकीट फुल्ल फाडू की हाफ?"

* * *

या सगळ्या दिवसांत माझी चूल होती तिथेच होती. साहेब रोज येत. रोज म्हणत, "आबा, चूल तेवढी बाहेर घ्या हां." मी म्हणे, "घेतो." मग ते चहा पीत आणि जात. मला रात्री झोप येईना, आणि मला वाटतं त्यांनाही येत नसावी. कारण एका सकाळी ते हातात खोकं घेऊन आले. आत विजेची शेगडी!

"आबा, यात ज्योत नाही, ठिणगी नाही. तुम्हीही इथेच आणि नियमही जागेवर!"

त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मी लगेच चूल विझवली आणि शेगडीवर आधण ठेवलं. चहा व्हायला आरोंद्याची गाडी जाऊन परत यायची वेळ झाली. इनासनं एक घोट घेतला आणि कप माझ्या हातात परत दिला.

"आबा, कोण आजारी आसा काय?"

साहेब मात्र जिद्दीनं पीत होते. "छान आहे. सवय होईल." दुसरं आधण ठेवलं आणि लाईट गेली. दुपार झाली तरी येईना. साहेब तीनदा डोकावून गेले. चौथ्यांदा आले ते हळूच म्हणाले, "आबा, आजचा दिवस चुलीवर करा."

शेगडी आता विसरलेल्या वस्तूंच्या खोलीत आहे.

* * *

आणि मग मोठे साहेब यायचा दिवस उजाडला. गॅसच्या गाड्यांची सुरक्षा तपासायला वरून कोणी मोठे अधिकारी येणार होते. आमचे साहेब सकाळपासून घामाघूम.

"आबा, चूल त्यांच्या नजरेला पडता कामा नये."

"बरं."

"आणि चहा फक्कड झाला पाहिजे! आलं घालून!"

आता या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या? साहेबांनीच तोड काढली. 'सुरक्षितता आपल्या हाती' असा एक मोठा फलक डेपोत होता. तो आणून त्यांनी चुलीपुढे उभा केला. चूल दिसेनाशी झाली. फलकाच्या डोक्यावरून धूर निघत होता तेवढाच.

मी मोठा टोप भरून चहा ठेवला. इतक्यात तारकर्लीची गाडी आत आली आणि माझ्यापासून जरा अंतरावर उभी राहिली. माणसं भरलेली, पहिल्या सीटवर पारूआजी. आणि गाडीत एकदम ओरडा.

"शी! आजी, मासो कुसलो गो तुझो!"

सगळे नाकाला रुमाल लावून आजीकडे बघत होते. वास येत होता खरा, कुजल्यासारखा. आजी उभी राहिली. आयुष्यात तिच्या माशाला असं कोणी बोललं नव्हतं.

"माझो मासो कुसलो? मेल्यांनो, सकाळी रापणीच्या जाळ्यात गावलेले बांगडे आसत!" तिनं पाटीतून एक बांगडा उचलला आणि निघाली एकेका सीटपाशी. "हुंग! तू हुंग! तुझा नाक खंय गेला, तूय हुंग!"

माणसं घाबरून हुंगत होती. सुलभापुढे बांगडा आला, तिनंही हुंगला. बांगड्याला समुद्राचा वास होता, दुसरा कसलाच नाही. सुलभाचा चेहरा पांढरा पडला.

"इनास! गाडी बंद कर! ह्यो गॅस आसा!"

इनासनं इंजिन बंद केलं, बॅटरीचा खटका पाडला आणि संकटकाळचं दारही उघडलं. त्या दिवशी कोणीही सीटवर रुमाल ठेवला नाही. बघता बघता गाडी रिकामी. राहिली फक्त पारूआजी.

"आजी, उतर गो! पाया पडतंय तुझ्या!"

"आधी माफी मागूंदेत! माझ्या माश्याक कुसलो म्हणाले. मी उतरूचंय नाय!"

मग आवारात उभ्या असलेल्या सगळ्या माणसांनी एका सुरात हाक दिली, "चुकला गो आजी! मासो ताजो आसा!"

आजी उतरली. बांगडा हातात तसाच.

इनास माझ्याकडे वळला. "आबा! विस्तव!"

पाण्याचा हंडा भिंतीच्या पार पलीकडच्या टोकाला. हाताशी होता तो मोठ्या साहेबांच्या चहाचा टोप. मी तो उचलला आणि चुलीत उपडा केला. फस्स करून एवढा धूर उठला की फलक दिसेना. दाजी धावत आला. "आबा, भांड्यांचो साबण दी!" माझ्या साबणाचा फेस घेऊन तो गाडीखाली शिरला.

आणि नेमकी त्याच वेळी मोठ्या साहेबांची मोटार फाटकातून आत आली.

ते उतरले. समोर हातात मासा घेतलेली म्हातारी, अजूनही तिची माफी मागणारा जमाव आणि 'सुरक्षितता आपल्या हाती'च्या मागून धूर!

"हा काय प्रकार आहे?"

गाडीखालून दाजीचा आवाज आला, "गावला! सांध्याकडे बुडबुडे येतत! व्हॉल्व्ह बंद केलंय, साहेब!"

मोठे साहेब गाडीपाशी गेले, सगळं नीट बघून घेतलं. मग सावकाश फलकापाशी आले आणि तो बाजूला सारला. मागे चहात भिजलेले तीन दगड.

"इथे चूल होती?"

आमच्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"होती," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच गेलो. म्हटलं, कोणी सांगण्याआधी आपणच दगड उचलावेत आणि घरी न्यावेत. पत्र्याखाली गेलो तर दगड नव्हते. बाकडंही नव्हतं. रिकामा टोप तेवढा होता. तो काखेत मारला आणि फाटकाबाहेर पडलो.

साहेबांची मोटार रस्त्याच्या पलीकडे भर उन्हात उभी. बदामाच्या झाडाखाली माझे तीन दगड मांडलेले, शेजारी वाळूच्या दोन बालद्या. बाकड्यावर इनास, सुलभा, दाजी, आणि पाटी मांडीवर घेऊन पारूआजी. कोणी माझ्याकडे बघेना.

टोकाला साहेब बसले होते. त्यांनी घड्याळ बघितलं.

"आबा, कालचा चहा राहिलाय."