वन्संचं विमान आणि पाण्याचा दाब

माझ्या धाकट्या नणंदेला, म्हणजे वन्संना, सगळी गल्ली 'पंपवाली' म्हणते. पस्तीस वर्षं त्यांनी कारखान्यात पाण्याचे पंप तपासले. निवृत्तीनंतर माणसं गुडघे चोळत बसतात. वन्संनी गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं. इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत एक त्रिकोणी तुकडा गोल फिरतो. ते चालतं झकास, पण तापतंही तसंच. भोवती खेळणारं पाणी संपलं, तर दोन मिनिटांत आतल्या फटी बंद ठेवणारी सीलं जळून जातात.

हे गेल्यावर मला घर खायला उठायचं. तेव्हा वन्संनी बोलावलं. "वहिनी, रोज भाजी काय केली ते वहीत लिहिता, त्यापेक्षा माझे आकडे लिहा. निदान कुणी वाचेल तरी!" तेव्हापासून इंजिन चालू असलं की दर मिनिटाला पाण्याचं तापमान आणि दाब टिपणं हे काम माझ्याकडे आलं.

सात वर्षांनी विमान तयार झालं आणि सरकारी तपासनीस आले. इंजिन वीस मिनिटं सलग चाललं, तरच ते उडवायची परवानगी देणार होते. त्यांची पुढची फेरी तीन महिन्यांनी होती. वन्संचा विमान चालवायचा दाखला मात्र त्याच महिन्याअखेर संपत होता. वय एकाहत्तर, डॉक्टरांनी बजावलंच होतं, "आजी, डोळे बघता पुढच्या वेळी सही करणार नाही." म्हणजे आज नाही, तर कधीच नाही.

धावपट्टीच्या कडेला विमान खुंट्यांना बांधलं. आम्ही दोघी आत बसलो, तपासनीस घड्याळ घेऊन बाहेर. पंधरा मिनिटं सगळं छान. तापमान अठ्ठ्याऐंशी, दाब पंधरा. सोळाव्या मिनिटाला तापमान ब्याऐंशी झालं, सतराव्याला चौऱ्याहत्तर. मी दाबाचा आकडा लिहायचं विसरून आनंदाने ओरडले, "वन्सं, ताप उतरला हो!"

वन्संनी दाबाच्या मीटरकडे पाहिलं आणि खटकन इंजिन बंद केलं.

"अहो, तीन मिनिटं राहिली होती!" तपासनीस धावत आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं. "तापमान तर उत्तम आहे!"

"दाब बघा. दोन!" वन्सं म्हणाल्या. "साहेब, ताप उतरला म्हणजे पेशंट बरा झाला असं नसतं. कधीकधी पेशंटच गेलेला असतो."

खाली वाकून पाहिलं, तर पाण्याची रबरी नळी आवळून धरणारी पट्टी सैल झाली होती. गळणारं पाणी पंख्याच्या वाऱ्याने मागच्या मागे उडून गेलं होतं, म्हणून बाहेरून दिसलं नाही. तापमान मोजणारी कांडी रिकाम्या जागेत लटकत होती. ती मोजणार तरी काय!

इंजिन वाचलं, पण चाचणी गेली. वन्सं नुसता पाना पुसत राहिल्या. मला मात्र रडू फुटलं.

तपासनीसांनी घड्याळ पाहिलं. "आजचा दिवस सहा वाजेपर्यंत असतो. पट्टी बदला, थंड झाल्यावर पाणी भरा. पुन्हा एकपासून मोजू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि आजी, तुम्ही आता दोन्ही आकडे लिहा."

"त्या लिहितील," वन्सं म्हणाल्या. "आता त्यांना स्वप्नातही दाबच दिसेल."

पावणेसहाला विसावं मिनिट संपलं. दाब पंधराचा पंधरा. तपासनीसांनी सही केली आणि वर तोंडभर हसले.

ठरल्याप्रमाणे वन्सं आधी एकट्या उडाल्या, बरोबर कुणाला न्यायची परवानगी मिळेपर्यंत. महिना संपायला चार दिवस असताना मलाही घेऊन गेल्या. खाली घरं काड्यापेट्यांएवढी झाली. मी जीव मुठीत धरून आकडे वाचत होते.

"वहिनी," वन्सं ओरडल्या, "आता वही मिटा आणि बाहेर बघा की! मीटरवर माझं लक्ष आहे."

मी बाहेर बघितलं. त्या उड्डाणातल्या शेवटच्या दहा मिनिटांचे आकडे वहीत नाहीत.