घुगरीची चमक

लढाई पंजाबच्या सरहद्दीवर चालली होती आणि मी कॅमेरा घेऊन निघालो होतो उलट्या दिशेला, नागपूरहून घाटंजीला, एसटीने. साल पासष्ट, महिना भादव्याचा. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना दूरच्या गावातली लढाई हवी होती. ती दिसते कशी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं नि मलाही.

घाटंजीत बाजार भरला होता. हॉटेलातल्या रेडिओवर बातम्या लागल्या, तसे दुकानदार गिऱ्हाईक सोडून आत घुसले. मी फोटो काढत सुटलो. एका म्हाताऱ्याने हटकलं, "लढाई तिकडं हाये, आमचे फोटो कायले काढून राह्यले?" मी कॅमेरा खाली घेतला. त्यालाच माझी दया आली असावी. "तांड्यावर जा," तो म्हणाला. "तिथला एक जण फौजेत हाये."

तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. पराटीच्या (कपाशीच्या) शेतांतून जाताना चिखलात दोनदा आपटलो. कॅमेरा तेवढा वाचवला. जवानाची आई धेनीबाई. तिने आधी भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली, मग नाव विचारलं. "तीन आठवडे झाले, पोराचा कागद नाही," ती म्हणाली.

जेवण होताच मी तिच्या सुनेला, चंपीला, अंगणात उभं केलं. रोलात एकच फोटो उरला होता. तिच्या कानांजवळ केसांत गुंफलेली चांदीची घुगरी उन्हात डोळे दिपवत होती. मी सहज म्हणालो, "ही जरा काढून ठेवता का? एकच मिनिट."

धेनीबाई माझं ताट उचलून आत निघून गेली.

"नवरा गेल्यावरच उतरते ही, साहेब," चंपी हळू म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडून माफी मागितली आणि कॅमेरा पिशवीत घालू लागलो. तेवढ्यात चंपी भर उन्हात येऊन उभी राहिली. "आता काढा. पेपरात नाही छापला तरी चालते, पण त्यायले पाठवा."

धेनीबाई बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिने सुनेची ओढणी मागे सारली. दोन्ही घुगऱ्या पुऱ्या उघड्या झाल्या. मी बटण दाबलं.

नागपुरात संपादकांनी तो फोटो बाजूला ठेवला. "चेहरा कुठाय? नुसती चांदी चमकतेय!" त्यांना हवी होती ती लढाई त्या चांदीतच होती, आणि मी तीच उतरवून ठेवायला सांगत होतो.

धेनीबाईने दिलेल्या फौजेच्या पत्त्यावर मी फोटो धाडला आणि रोज पोस्टमनची वाट पाहू लागलो. दिवाळीनंतर जवानाचं कार्ड आलं: "फोटो भेटला. तिचं तोंड नीट आलं नाही. घुगरी दिसली. बस्स झालं."