एक नंबर उजवीकडून

वडिलांचं नाव मी दगडावर उलटं कोरून घेतलं. मी शाळेत भूमिती शिकवतो. डावी बाजू कुठली आणि उजवी कुठली, हे पोरांना समजावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. सांगलीत आमच्या माहितीचं आमचं एवढं एकच घर, त्यामुळे बाबा गेले तेव्हा त्यांना साताऱ्याला, आजोबांच्या कबरीशेजारी ठेवलं. पुण्याहून नातेवाईक पोचले तेव्हा कुठे प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष भरले. वर्ष होत आलं तसा कबरीवर दगड बसवायचा झाला. आजोबांच्या दगडावर बाबांनी वर हिब्रूत आणि खाली मराठीत नाव घातलं होतं. आता बाबांसाठी ते मी करायचं.

अडचण एवढीच, की मला हिब्रू वाचता येत नाही. लहानपणी दर शनिवारी सकाळी बाबा प्रार्थनेचं पुस्तक उघडून मला आणि ताईला शेजारी बसवायचे. ताई बसायची. माझे कान गल्लीतल्या क्रिकेटकडे. तिसरं-चौथं अक्षर आलं की मला हटकून लघवीला लागायची. एका शनिवारी बाबांनी मला हाक मारलीच नाही. मला वाटलं, सुटलो! पुढे मी चांगला बाप्या झाल्यावर त्यांनी माझ्या हातात एक वही दिली. मेलेल्या माणसासाठी त्याचा मुलगा म्हणतो ती प्रार्थना, कद्दिश, त्यांनी सबंध देवनागरीत उतरवून काढली होती, अवघड शब्द तोडून तोडून.

"एवढं तरी तुला लागेल," म्हणाले. कुणासाठी लागेल, ते बोलले नाहीत.

त्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाबांनी स्वतःचं नाव हिब्रूत लिहिलेलं होतं. पाच अक्षरं. पलूसच्या रस्त्याला एक दगडकाम करणारे आहेत, ते म्हणाले, "सर, अक्षरं मोटी काडून आना. एका कागदावर एकच." मी काढली. हिब्रू उजवीकडून वाचतात, एवढं एक ज्ञान माझ्याजवळ होतं, आणि ते वापरायची संधी मी सोडली नाही. अगदी उजवीकडच्या अक्षराला एक नंबर दिला, मग दोन, मग तीन. त्यांनी एक नंबर डावीकडे मांडला. कुणीही मांडेल. मी दोन दिवस तिथे स्टुलावर बसून, चहा पीत, ते कोरताना पाहत होतो. वर "सुरेख, सुरेख" म्हणत होतो.

दगड बसवला. वही उघडून कद्दिश म्हटलं. मग लग्न करून इस्राएलला गेलेल्या ताईला फोनवर दगड दाखवला. ती आधी हसली.

"अरे, हे काय लिहून ठेवलंयस?"

"बाबांचं नाव."

तिने आहे तसं वाचून दाखवलं. ते कुणाचंच नाव नव्हतं. मग तिचा चेहरा फोनमधून बाजूला झाला आणि बराच वेळ तिच्या घराचं नुसतं छत दिसत राहिलं.

दगड काढून पुन्हा पलूसला नेला.

"आवं सर, एक नंबर म्हंजी डावीकडंच की! हितं कोन उजवीकडनं लिवतंय?"

"होते एकजण," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, दगड पालथा घातला आणि मागची बाजू घासून नाव तिथे नव्याने कोरलं.

तो परत बसवला त्या दिवशी बायको बरोबर होती. मी दगडासमोर उभा राहिलो. मग मागे जाऊन ते चुकलेलं नाव पाहिलं, पुन्हा पुढे आलो. खरं सांगतो, मला फरक कळला नाही. दोन्हीकडची अक्षरं सारखीच देखणी होती आणि सारखीच मुकी. या वेळी बरोबर आहे, हे ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मला समजलं.

परतताना कऱ्हाड मागे पडलं. बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "अहो, माझ्या वेळी दगडावर मराठीतच लिहा हं. तपासायला ताई असतीलच असं नाही."