खंडेनवमीचा पाना

‘वऱ्हाड ज्युनियर मोटर रेसिंग टीम’ असं भलंमोठं नाव लावून बडनेरा रोडवर टिनाचं एक शेड उभं राहिलं, ते १९६१च्या संक्रांतीला. आटोपलं त्याच साली दसऱ्याला. नऊ महिने! एवढ्यात म्हैससुद्धा वीत नाही. पण तेवढ्यात अमरावतीकरांनी ज्या थापा मारल्या, त्यांना तोड नाही. पैसा कोणाचा? कोणी म्हणे कापसाच्या सट्टेवाल्याचा, कोणी म्हणे शेतात सापडलेल्या मोहरांच्या हंड्याचा. टीमचे सेक्रेटरी चिंतामण मास्तर, चित्रकलेचे रिटायर शिक्षक, त्यांनाही ठाऊक नव्हतं. दर महिन्याला नागपूरच्या शिक्क्याचं जाड पाकीट यायचं, आत नोटा आणि टाइप केलेल्या चार ओळी. सही नाही, नाव नाही. पहिल्याच पाकिटात लिहिलं होतं, ‘मिस्त्री जानरावच पाहिजे. दुसरा चालणार नाही.’

हा जानराव मूळचा नांदगाव खंडेश्वरचा. घरी काळी जमीन, पण याचा जीव लोखंडात. अमरावतीत त्यानं मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं आणि हात असा, की बिघडलेली गाडी त्याला पाहूनच सरळ होते म्हणत. पण आदल्या खंडेनवमीपासून त्या माणसाची पार रया गेली होती. दुकानाला कुलूप लावून बसला होता.

त्या खंडेनवमीला काय झालं, ते फक्त आपण आणि आपली बायको मनकर्णा जाणतो, असं त्याला वाटे. सकाळीच त्यानं पाने, पेचकस, हातोडी धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, बापजाद्यांची रीत! तेवढ्यात मोरोपंत वकिलांचा हेमचंद्र मोटारसायकल घेऊन दारात. बापाच्याच हाताखाली वकिली करणारा, गोड बोलणारा पोरगा. म्हणाला, “जानराव, मागचा ब्रेक सैल लागतो. अकोल्याला निघालोय.”

“आज पाना नाई उचलता येत, भाऊ,” जानराव म्हणाला. “हातानं आवळून देतो. उद्या पाना लावतो.”

आणि त्यानं बोटांनी नट आवळला. मूर्तिजापूरच्या अलीकडं बैलगाडी आडवी आली, ब्रेक लागलाच नाही. हेमचंद्र दवाखान्यात एक रात्र जगला आणि गेला.

“अजी, त्याच्या बापाले सांगून टाका,” मनकर्णा म्हणायची.

“सांगतो.”

“कवा?”

“उद्या.”

हा उद्या काही उगवेना. मोरोपंत रस्त्यात दिसले की हा गल्लीत शिरायचा. जेवताना घास तोंडाशी थांबायचा. सांगितलं तर तुरुंग, आणि नाही सांगितलं तर हे असं आतल्या आत कुजणं! टीमचं बोलावणं आलं तेव्हा त्याला वाटलं, चला, कामात गाडून घेऊ स्वतःला. आपल्यालाच काहून बोलावलं, एवढं विचारायची अक्कल त्याला सुचली नाही. भित्र्याला दुसरं काय सुचतं?

फियाटची भंगार इंजिनं, पाइप वाकवून केलेले सांगाडे, असं करत त्यानं दोन गाड्या उभ्या केल्या. शर्यतीत लहान इंजिनाच्या गाड्यांना ज्युनियर म्हणतात, असं चिंतामण मास्तरांनी कुठंसं वाचलं होतं. नावाचा उलगडा तेवढ्यावर भागला. गाडी चालवायला उत्तमराव नावाचा बडनेऱ्याच्या लोको शेडमधला फायरमन मिळाला. जानराव रोज त्याच्या गाडीचे ब्रेक तपासायचा. एकदा नाही, दहादा. उत्तमराव चिडायचा, “मिस्त्री, ब्रेकच पाहत बसता का? पळाली बी पाह्यजे ना गाडी!”

शर्यत ठरली दसऱ्याला, अकोल्याजवळ शिवणीच्या विमानाच्या धावपट्टीवर. मुंबई-नागपूरच्या गाड्या यायच्या होत्या. आदल्या दिवशी सराव, म्हणजे खंडेनवमीलाच. खेड्यापाड्यांतून लोक आले होते, त्यांना वाटलं शंकरपट आहे, म्हणून विचारत होते, “बैल कुठी हायेत?” मास्तरांनी पाटावर हत्यारं मांडून यथासांग पूजा केली. जानराव पाठमोरा उभा राहिला. त्याला ते हळदकुंकू पाहवेना.

दुपारी सराव संपवून उत्तमराव परतला. “मिस्त्री, मागचा ब्रेक सैल लागून राहिला. हातानं आवळा अन् सोडा. एक चक्कर मारून येतो.”

तेच शब्द! जानराव धावत पाटाशी गेला, फुलं उधळून पाना उचलला. कुंकवानं हात लाल झाला.

“अरे अरे, पुजलेलं हत्यार!” मास्तर ओरडले.

“चुलीत गेली तुमची पूजा!” जानराव किंचाळला. आडवा पडून त्यानं नट आवळला, पुन्हा आवळला, आणि तिथंच मातीत बसून ओक्साबोक्शी रडायला लागला.

“जानराव, आज पाना चालतो का?”

त्यानं वर पाहिलं. काळा कोट, हातात काठी. मोरोपंत वकील. आता पळायला गल्ली नव्हती.

“चालते, साहेब. माणूस जात असन त चालते,” तो हुंदके देत म्हणाला. “मांगच्या वर्षी नाई उचलला म्या. तुमच्या पोराचा नट हातानं आवळला. तुमचं लेकरू म्या मारलं, साहेब.”

मोरोपंतांनी काठी मातीत रोवली. मग म्हणाले, “हेमचंद्रानं त्या रात्रीच मला सांगितलं होतं. जानरावाचा दोष नाही, मीच घाई केली, म्हणाला. मी म्हटलं, हे जानरावाच्या तोंडून ऐकायचं. साक्षीदार आपण होऊन बोलला पाहिजे. हेमचंद्राला बॅरिस्टर करायला विलायतेला धाडायचे पैसे होते, ते या शेडमध्ये घातले. त्याला मोटारींचं वेड होतं. आणि कोर्टात सगळे त्याला माझा ज्युनियर म्हणत.”

दसऱ्याला उत्तमराव तिसरा आला. संध्याकाळी मास्तरांना शेवटचं पाकीट मिळालं: टीम बंद. जानराव आपट्याचं पान घेऊन मोरोपंतांसमोर वाकला. “सोनं घ्या, साहेब.”

मोरोपंतांनी हात मागं घेतला. “पुढच्या वर्षी आण.”

जानरावानं दुकान पुन्हा उघडलं. टीमचा पैसा कोणाचा, असं गिऱ्हाइकं विचारत, तेव्हा तो म्हणे, “मले नाई मालूम.” आणि दर दसऱ्याला पान घेऊन वकिलांच्या दारात उभा राही. दरवर्षी तेच उत्तर, पुढच्या वर्षी आण. मनकर्णा कातावायची, “कायले जाता? थो म्हातारा तुमाले कवाच माफ नाई करत!”

“नाई करू देत. ये म्हणते ना थो मले!”

अडुसष्ट साली मोरोपंतांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. त्या दसऱ्याला जानराव खाटेशी उभा राहिला. पुढच्या वर्षी आण, असं म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. त्यानं भीतभीत पान त्यांच्या चालत्या हातावर ठेवलं. म्हाताऱ्यानं मूठ मिटली. संध्याकाळी घरच्यांनी दूध पाजताना ती सोडवायचा प्रयत्न केला, पण मूठ काही उघडली नाही.