उपाशी पोटी दोनशे किलोमीटर

रविवारी दुपारी लाखनीच्या पुढे, हायवेच्या कडेला बसून मी एका भल्या माणसावर ओरडले. कारण काय, तर त्यांनी मला चिक्की दिली… आज तीन दिवस झाले. पाय अजून दुखताहेत, पण ते ओरडणं जास्त दुखतंय, म्हणून लिहायला बसले.

त्या दिवशी आमची ब्रेव्हे होती. ही तशी शर्यत नाही, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलवर संपवायचं, एवढंच. भंडाऱ्याहून तुमसरमार्गे बपेरा, परत भंडारा, मग साकोली आणि पुन्हा भंडारा… दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास.

सोबत गोमाजीकाका होते. एसटीत मेकॅनिक होते, आता रिटायर, वय एकसष्ट. एकाच हंगामात दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे अशा चार ब्रेव्हे केल्या की एक मोठं मेडल मिळतं. काकांच्या तीन झाल्या होत्या. दोनशेची तेवढी राहिली होती, आणि रविवारची ही हंगामातली शेवटची… हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर वाचलं होतं.

मला मेडलचं काही नव्हतं. मी शाळेत शिकवते, चाळिशी ओलांडलीय, आणि खरं सांगायचं तर मी सायकल चालवते ती वजनासाठी. वर्षात नऊ किलो कमी केले. रविवारी एवढं अंतर जाणार, तर चांगली चरबी जळेल, मग खाऊन ती परत कशाला भरायची… असा माझा हिशोब.

सकाळी अर्धी पोळी आणि ब्लॅक कॉफी घेऊन निघाले. सगळ्यांनी सांगितलं होतं, भूक लागायची वाट बघायची नाही, दर अर्ध्या तासाला काहीतरी पोटात टाकायचं. काका तसंच करत होते. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गूळ-फुटाणे, केळं… चालत्या सायकलवरही तोंड सुरू.

बपेऱ्याला पोचल्याचा शिक्का कार्डावर मारून घेतला, तेव्हा मी मजेत होते. दोन्हीकडे धान पिवळं पडायला लागलेलं, ऊन अजून कोवळं होतं. काकांनी केळं पुढे केलं. मी म्हटलं, "नको, पोट भरलंय."

तुमसर मागे पडलं तसं पायातलं काहीतरी कमी व्हायला लागलं. ऑक्टोबरचं ऊन चढलं होतं, मला वाटलं त्याचाच त्रास. पाणी पीत राहिले… नुसतं पाणी.

भंडारा ओलांडून हायवेला लागलो तेव्हा प्रत्येक ट्रकचा राग येत होता. काका मागून म्हणाले, "मॅडम, काई तरी खाऊन घ्या जी." मी आणखी जोरात पेडल मारलं. लाखनीच्या पुढे मात्र सायकल सरळ चालेना. हात कापत होते, घाम थंडगार झाला होता, समोरची पाटी वाचता येईना. उतरले कसली, कडेला बसकणच मारली.

काकांनी चिक्कीचा कागद काढून ती माझ्या हातात ठेवली. आणि मी ती फेकून दिली.

"सकाळपासून खा-खा काय लावलंय? तुम्ही तुमचं बघा ना! मी सांगितलं होतं का थांबायला?"

त्या माणसाला मी हे बोलले… वर रडायलाही लागले. समोर एक चहाची टपरी होती, तिथल्या बाईला काकांनी हाक मारली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हात कसे थरथरून राहिले पोरीचे! आधी साखर द्या, मंग बोला."

खूप साखर घातलेला चहा प्यायले. थोड्या वेळाने आणखी एक. मग त्या बाईने स्वतःच्या डब्यातला गार भात आणि वरण ताटलीत वाढून समोर ठेवलं. मी कितीतरी महिन्यांनी भात खात होते… हाताने, भराभर, लहान मुलासारखी.

डोकं जाग्यावर आलं तेव्हा घड्याळ पाहिलं. सव्वाचार वाजले होते. तास-दीड तास गेला होता.

"काका, तुम्ही पुढे जा. तुमची वेळ जाईल."

"तुमाले अशा हालतीत सोडून कायले जाऊ?"

"अहो, हंगामातली शेवटची आहे!"

"मले मालूम हाये ना," ते म्हणाले, आणि माझ्या बाटलीत मीठ-साखरेचं पाणी भरायला उठले.

तिथून साकोली आणि परत, मी अगदी गोगलगायीसारखी चालवत होते. काका वारा अडवत माझ्या पुढे राहिले, दर थोड्या वेळाने वळून बघत. या वेळी बटाटा पुढे आला की मी मुकाट्याने घेत होते.

भंडाऱ्यात पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. मुदत साडेसातची. शिक्के मारणारे टेबल आवरत होते. काकांनी कार्ड त्यांच्याकडे दिलं, बाकावर बसले आणि बूट काढले. पहिल्यांदाच ते एकसष्ट वर्षांचे दिसले.

मी शेजारी बसून माफी मागितली. चिक्कीची, बोलण्याची, मेडलची… सगळ्याचीच.

"उपाशी मानसाचं बोलनं मी कानात घेत नाई, मॅडम," ते म्हणाले. मग बराच वेळ पाय चोळत राहिले. "मेडलचं मात्र वाईट वाटलं. खोटं कायले बोलू?"

त्यांनी खोटं बोलून माझं ओझं हलकं केलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नव्या हंगामात चारही ब्रेव्हे त्यांना पहिल्यापासून कराव्या लागतील. पहिल्या दोनशेला मी सोबत असेन… खात खात.