अबू सत्तामला परवडतं कसं

हुसेनमियाँ दाभोळच्या खाडीकाठचं गाव सोडून रियाधला आले तेव्हा त्यांना नीट मिशीसुद्धा फुटली नव्हती. आता मिशी आणि दाढी दोन्ही पांढरी झाली होती. मधला सगळा काळ तिथल्या अल मलाझ भागातल्या एकाच पडद्यांच्या दुकानात गेला. ठाण उलगडायचं, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडकी मोजायची, चुण्या घालायच्या, झालर लावायची, हे सगळं ते स्वतः करत. शिवाय अरबी बायकांशी भाव करण्यात त्यांचा हात धरणारा त्या गल्लीत कोणी नव्हता.

त्यांना एकच व्यसन होतं, बोलण्याचं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चारदोन मराठी माणसं जमायची. त्यात गुरुनाथ आणि त्याची बायको वीणा ठरलेले. गुरुनाथ मूळचा सांगलीचा, इथे एका बँकेत अधिकारी होता. हुसेनमियाँच्या बायकोच्या, खतीजाभाभींच्या हातच्या सुरमईच्या कालवणासाठी तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचा. जेवण झालं, चहा आला, की विषय ठरलेलाच असायचा. पेट्रोल महागलं, विजेचं बिल वाढलं, वर्षाच्या सुरुवातीपासून प्रत्येक वस्तूवर नवा कर लागला; आणि तरी ह्या सौदी लोकांच्या दारात नवी गाडी, पोरांच्या हातात नवा फोन. कोपऱ्याकोपऱ्यावर कॉफीची दुकानं निघतायत आणि बसायला जागा मिळत नाही. ह्यांना परवडतं कसं?

गुरुनाथचं म्हणणं, सगळा कर्जाचा कारभार आहे. वीणाला वाटायचं, आता बायका नोकरीला लागल्यात, दोन पगार येतात. हुसेनमियाँना दोन्ही पटायचं नाही. सरकार ह्यांना आतून काहीतरी देतं आणि ते कोणाला कळू देत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. तो ते इतक्या खात्रीने मांडत की जणू त्या देण्याघेण्याच्या वेळी स्वतः दाराशी उभे होते. खतीजा स्वयंपाकघरातून म्हणायची, "एवढी वर्षं झाली, एकदा त्यांनाच विचारा ना." त्यावर हुसेनमियाँ मान हलवत. अशा गोष्टी काय विचारायच्या असतात?

त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार अठरामध्ये, दुकानांचा नियम आला. गिऱ्हाइकासमोर सौदी माणूस हवा. परदेशी कारागिराने मागे शिवणाच्या खोलीत काम करावं. मालकाने हुसेनमियाँना बोलावून सांगितलं की पगार तोच राहील, फक्त पुढे यायचं नाही. हुसेनमियाँ 'बरं' म्हणाले. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. दुकानाचा पुढचा भाग ही त्यांची सगळ्यात आवडती जागा होती.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या जागी अबू सत्ताम आला. पन्नाशीचा, उंच, किंचित वाकलेला. लष्करात वायरलेसवर नोकरी करून निवृत्त झालेला. थोरल्या मुलाचं नाव सत्ताम, म्हणून सगळे त्याला अबू सत्ताम, सत्तामचा बाप म्हणत. पहिल्या दिवशी तो एका नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीतून उतरला, हातात कॉफीचा कागदी पेला. हुसेनमियाँनी शिवणखोलीच्या दारातून हे पाहिलं आणि शुक्रवारसाठी मनात टिपून ठेवलं.

पण विक्रेता म्हणून हा माणूस अगदीच कच्चा निघाला. एक बाई दिवाणखान्याचे पडदे बदलायला आली, तर त्याने जुन्यांचा फोटो बघायला मागितला आणि म्हणाला, "हे चांगले आहेत की. धुऊन टाका, दोन वर्षं जातील." बाई खूश होऊन निघून गेली. मालकाने कपाळावर हात मारला. दुसऱ्या वेळी त्याने मखमलीला अस्तर समजून भाव सांगितला. आयुष्यभर वायरलेसवर न दिसणाऱ्या माणसांशी बोललेला हा गृहस्थ, समोर माणूस उभा राहिला की घाबरायचा. बायका आल्या की नजर जमिनीकडे.

हुसेनमियाँना आधी त्याचं हसू यायचं. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच ठाणांच्या मधे उभा राहून कापडाला हात लावून बघत होता आणि पुटपुटत नावं पाठ करत होता. ते बघून हुसेनमियाँना राहवलं नाही. ते पुढे आले आणि म्हणाले, "डोळे मिटा. आता सांगा, ह्यात सुती कोणतं?" अबू सत्तामने डोळे मिटले. तिथून शिकवणी सुरू झाली. कापड बोटांनी ओळखायचं, खिडकीच्या रुंदीपेक्षा कापड किती जास्त लागतं, उन्हाच्या खिडकीला कोणता रंग उडतो, हे सगळं हुसेनमियाँनी त्याला शिकवलं. भाव कसा चढवायचा तेही शिकवलं, पण ते त्याला कधीच जमलं नाही. गंमत अशी की त्याच्या खरं बोलण्याचाच हळूहळू बोलबाला झाला. धुऊन वापरा म्हणून परत पाठवलेली ती बाई दोन बहिणींना घेऊन आली आणि सगळ्या घराचे पडदे सांगून गेली.

डिसेंबरमध्ये सत्तामचं लग्न ठरलं. अबू सत्तामने घराच्या खिडक्या मोजायला हुसेनमियाँना नेलं. इतक्या वर्षांत हुसेनमियाँनी शेकडो सौदी घरांच्या खिडक्या मोजल्या होत्या, पण त्या फक्त खिडक्या होत्या. ह्या घरी जेवणाचंही बोलावणं होतं.

बाहेरून घर मोठं होतं. आत गेल्यावर कळलं की ते एका माणसाचं नव्हतंच. खाली म्हातारी आई आणि अबू सत्तामचं कुटुंब, वर थोरला भाऊ, त्याच्या वर अर्धवट बांधलेली खोली, जिच्या विटा अजून उघड्या होत्या. तिथे सत्ताम आणि त्याची नवरी राहणार होती. स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र. पाहुण्यांच्या बैठकीला भारी पडदे होते आणि आतल्या खोल्यांच्या खिडक्यांना जुन्या चादरी अडकवल्या होत्या. अबू सत्ताम त्या चादरी न लपवता म्हणाला, "बैठकीचे नवे करायचे. तिथले जुने कापून इकडे लावता येतील का बघ." हुसेनमियाँनी मापं घेतली. येतील, म्हणाले.

पांढरी गाडीही अबू सत्तामची नव्हती. ती त्याच्या बायकोची, उम्म सत्तामची, म्हणजे सत्तामच्या आईची. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली आणि पहिल्या महिन्यातच ती शिकायला गेली होती. सकाळी शेजारच्या तीन शिक्षिकांना शाळेत सोडायची, मग नवऱ्याला दुकानात, आणि दुपारनंतर स्वतः भाजलेल्या 'कलेजा' नावाच्या मसालेदार बिस्किटांचे डबे घरोघरी पोचवायची. (हे नाव घरी सांगितल्यावर खतीजाला आधी वाटलं, बाई बकऱ्याची कलेजी विकते.) हप्ते तीच फेडत होती. रोजची कागदी पेल्यातली कॉफी म्हणजे तिने नवऱ्याला ठरवून दिलेला एकमेव खर्च.

जेवणाला अबू सत्तामचा थोरला भाऊ आणि मेहुणा होते. भाताचं मोठं ताट मधे. थोरल्या भावाने जुन्या गोष्टी काढल्या. रियाधच्या उत्तरेला एका खेड्यात मातीच्या घरात ते वाढले. बाप शेळ्या राखायचा. विहिरीचं पाणी आणायची पाळी अबू सत्तामची असायची आणि तो वाटेत अर्धं सांडायचा. वीज आली तेव्हा आईने दिव्याखाली बसून शिवणकाम केलं आणि सकाळ झाली तरी कोणाला दिवा मालवू दिला नाही. हुसेनमियाँना आपल्या गावची वीज आठवली. तेही सांगत बसले.

मग थोरला भाऊ जरा पुढे सरकला. "एक विचारू? राग मानू नका. आमच्यात ह्यावर नेहमी वाद होतो."

"विचारा."

"तुम्हा हिंदी लोकांना परवडतं कसं? इथे भाडं भरता, पोरांना शाळेत घालता, गावी घर बांधता, बहिणींची लग्नं लावता, आणि वर पाहुण्यांना मासे खायला घालता. आमचा हा मेहुणा म्हणतो, तुमच्याकडे घरोघरी सोनं पुरलेलं असतं."

मेहुण्याने लाजून मान खाली घातली. थोरल्या भावाच्या मते हे लोक नुसती डाळ खाऊन राहतात. अबू सत्तामचं म्हणणं, हुसेनची बायको हुशार आहे, एवढंच.

हुसेनमियाँ हसायला लागले. आधी मिशीत, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाकीचे आधी गोंधळले आणि मग त्यांच्याबरोबर हसले. शेवटी डोळे पुसत हुसेनमियाँ म्हणाले, "परवडत नाही हो."

अबू सत्तामने मटणाचा चांगला तुकडा त्यांच्या पुढ्यात सरकवला. "आम्हालाही नाही," तो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी हुसेनमियाँनी ही हकिकत सांगितली तेव्हा गुरुनाथ इतका हसला की चहा सांडला. वीणा मात्र म्हणाली, "हसताय काय? आपणही तेच करतो की. त्यांच्या घरात न जाता हिशेब मांडतो." गुरुनाथने विषय बदलला.

खतीजा त्या दिवशी फारशी हसली नव्हती. घरच्या माणसांमागे, म्हणजे ती आणि मुलगी मेहनाज ह्यांच्यामागे, सरकारला दरसाल भरायची फी वाढत चालली होती, आणि नवीन वर्षात ती आणखी वाढणार होती. सगळे गेल्यावर तिने भांडी विसळता विसळता सांगून टाकलं, "मेहनाजची दहावी झाली की आम्ही जातो गावाला."

हुसेनमियाँ म्हणाले, काहीतरी जमवू.

"तुम्ही तिथे खरं बोललात ना, परवडत नाही म्हणून," ती म्हणाली. "मग इथेही बोला."

ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच मेहनाजच्या शाळेत दाखल्याची चौकशी करून आले. मेहनाज हिंदीत म्हणाली, "पापा, वहाँ नेट तो आता है ना?" एवढीच तिची काळजी. निदान ती तेवढीच बोलून दाखवत होती.

दुकानात त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. पण एका सकाळी अबू सत्तामच्या बैठकीचे पडदे कापताना त्यांनी माप चुकवलं. आयुष्यात कधी न चुकणारा माणूस कापडाकडे बघत उभा राहिला. अबू सत्ताम आत आला, त्याने पाहिलं आणि कारण विचारलं. हुसेनमियाँनी सांगितलं. तेव्हा अबू सत्ताम चुकलेला तुकडा उचलून म्हणाला, "हा आईच्या खिडकीला होईल. तिची खिडकी लहान आहे."

लग्न झालं. खतीजा आणि मेहनाजही गेल्या होत्या, बायकांच्या बाजूला. तिथे उम्म सत्ताम आणि खतीजाचं काय जमलं कोण जाणे. खतीजाचं अरबी भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं, उम्म सत्तामचं हिंदी शून्य. पण नंतर दर आठवड्याला कलेजाचा डबा येऊ लागला आणि जाताना तो नानखटाईने भरून जाऊ लागला. उम्म सत्तामच्या गाडीतल्या शिक्षिकांनी ती खाल्ली आणि मागणी आली. परीक्षा संपेपर्यंत खतीजाने इतकी नानखटाई भाजली की पूर्ण इमारतीला वेलदोड्याचा वास लागला.

निघायच्या आधीच्या गुरुवारी उम्म सत्ताम स्वतः गाडी घेऊन आली. गावाकडच्या खरेदीसाठी ती खतीजाला बाजारात नेणार होती. खतीजा पुढे तिच्याशेजारी बसली. हुसेनमियाँ आणि मेहनाज मागे. गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. मागून भोंगे वाजत होते, आणि उम्म सत्ताम बुरख्याआडून भोंगेवाल्यांना दुवा देत होती की आणखी काही, ते खतीजालाही कळलं नाही. बाजारात गाडी लावताना चाक पदपथाच्या कडेला घासलं. हुसेनमियाँना राहवेना. "यमीन, यमीन," ते मागून सांगू लागले, उजवीकडे घ्या.

खतीजाने मागे वळून बघितलं. "तुम्हाला कधी गाडी चालवता आली होती?"

आली नव्हती. इतक्या वर्षांत शिकायचं राहूनच गेलं होतं. हुसेनमियाँ मागे टेकून बसले. पुढच्या दोघी बायका हसत होत्या, आणि बऱ्याच महिन्यांनी खतीजाला असं हसताना बघून त्यांना बरं वाटलं. मग लगेच आठवलं की हे हसू आता आठवडाभरच घरात आहे, आणि ते खिडकीतून बाहेर बघू लागले.

बायको आणि मुलगी गेल्यावर त्यांनी बिऱ्हाड मोडलं आणि दुकानाच्या मागच्या गल्लीत तिघांच्या खोलीत एक खाट घेतली. शुक्रवारची बैठक गुरुनाथच्या घरी गेली. हुसेनमियाँ दोन-तीनदा गेले, पण शुक्रवारी दुपारी अबू सत्ताम न सांगता खोलीखाली गाडी उभी करायला लागला. गाडी अर्थात उम्म सत्ताम चालवत असायची. मग जेवण त्यांच्याकडेच. तिथेही वाद असायचेच. आता हुसेनमियाँ हिंदी लोकांची बाजू मांडायचे आणि मेहुणा सोन्याचा विषय सोडायला तयार नव्हता.

एका शुक्रवारी जेवणानंतर त्यांनी खतीजाला फोन लावला, तेव्हा अबू सत्तामच्या आईने आतून निरोप पाठवला की फोन इकडे द्या. दाराच्या फटीतून फोन आत गेला. म्हातारी अरबीत बोलत होती, खतीजा आपल्या गावच्या बाणकोटी बोलीत बोलत होती. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे बैठकीत बसलेल्या हुसेनमियाँना दोन्ही आवाज ऐकू येत होते. म्हातारी विचारत होती की समुद्र घराच्या किती जवळ आहे. खतीजा सांगत होती की मेहनाजला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तिने तालुक्याच्या दोन दुकानांत नानखटाई द्यायला सुरुवात केली आहे. दोघी एकमेकींना हो हो म्हणत होत्या.

अबू सत्तामने कॉफीचा लहानसा पेला पुन्हा भरला आणि विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"बरं चाललंय म्हणते," हुसेनमियाँ म्हणाले, आणि फोन परत मागायची घाई त्यांनी केली नाही.