आईचा पाटा आणि माझी काडी

परसाला मी काडी लावली. वारा कुठला आहे हे न बघता.

आई गेली त्याच उन्हाळ्यात सिक्लोन आला, मोठं चक्रीवादळ, आणि शेजारचा आंबा आमच्या परसात आडवा झाला. तो हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. वर्षभरात त्याच्यावर वेली चढल्या, काटेरी झुडपं माजली, मागचं दार वीतभरच उघडायला लागलं. त्या आंब्याखाली कुठेतरी आईचा पाटा होता. आमच्याकडे त्याला रोशकारी म्हणतात. काळा दगड, सिमेंटच्या ओट्यावर बसवलेला. आईनं जन्मभर त्याच्यावर वाटलं.

आता घरात मिक्सर आला होता. बा दोन घास घेत आणि ताट सरकवत. "हा मसाला नाय, पीठ हाय." गालफडं आत गेली होती त्यांची. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्या दिवशीचं वाटण तिच्याच दगडावर झालं पायजे."

वर्षभरात त्यांनी काही मागितलं नव्हतं. मी छाती काढून म्हणालो, "मी मोकळा करतो परस."

बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, "तुम्ही?"

पहिल्या रविवारी कोयता मारला तो थेट गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर. सोमवारी कचेरीत एकाच डोळ्यानं हिशेब लिहिले. दुसऱ्या रविवारी करवत खोडात अडकली. मी ओढली, मूठ हातात आली, करवत अजून तिथंच. मग पाऊस लागला. आमच्या बेटावरच्या सुरिनाम गावाकडचा पाऊस, लागला की लागला. जे काही तोडलं होतं ते दुप्पट हिरवं होऊन वर आलं. बा मागच्या खिडकीशी बसून सगळं बघत होते. हसले असते तरी बरं वाटलं असतं.

साखर कारखान्याच्या कचेरीत माझी खिडकी उसाच्या शेतावर उघडायची. तोडणीआधी पाचट जाळताना मी दर हंगामात बघत होतो. काडी लावायची, तासाभरात रान साफ. आधी चहूबाजूंनी पट्टा मोकळा करतात, वारा बघतात, माणसं उभी करतात, हे खिडकीतून दिसत नसे.

ऊन पडलं, आठवडाभरात आडवं खोड आणि खालचा पालापाचोळा वाळला, आणि मी काडी लावली.

"दिफे! दिफे!" आग लागल्याची बोंब ठोकत शेजारी कुंपणावर चढला. त्याच्या केळी पेटल्या होत्या. बायको बादल्या भरत होती, शेजारी मला शिव्या घालत होता, मी धावत होतो. अखेर ज्वाळा बसल्या, आणि धुरातून पाटा दिसला. काळा, अखंड, जागच्या जागी. मला एवढा आनंद झाला की हातातली भरली बादली मी त्याच्यावरच ओतली.

थाडकन आवाज झाला. पाट्याचे दोन तुकडे झाले.

मागं वळलो तर बा दारात उभे. वर्षात पहिल्यांदा. राखेतून चालत ते आले, तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही. "वरवंटा?" त्यांनी बायकोला विचारलं. तिनं काठीनं राख उकरली. तो शाबूत होता. निवेपर्यंत बा तिथंच उकिडवे बसले. मग बारशाला पाळण्यात घालायला नेतात तसा दोन्ही हातांवर घेऊन आत गेले.

श्राद्धाच्या दिवशी बायकोनं मोठ्या तुकड्यावर, गुडघ्यानं तो दाबून धरत, वाटण केलं. पानं वाढली. बांनी आमटीत घास बुडवला. त्यांनी पान संपवलं, पाणी प्यायलं आणि मागच्या काळ्या परसाकडे बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "माझ्या श्राद्धाला मिक्सरच लाव. ह्याला परसात पाठवू नको."